मान खाली घालून बघा

बॅलेच्या प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर सगळ्यांत आधी झाडू येतो. मग ओलं फडकं. मग एक माणूस चवड्यांवर बसून तळहात लाकडावर फिरवत मागच्या पडद्यापासून थेट पुढच्या कडेपर्यंत सरकत येतो. खिळ्याचं वर आलेलं डोकं, फळीची सुटलेली कपची, कालच्या कार्यक्रमातली सेफ्टी पिन, असलं काही त्याच्या हाताला लागतं. डोळ्यांना ते दिसत नाही. नाचणाऱ्यांपैकी अजून कोणी आलेलंही नसतं.

नाशिकमध्ये कथकचे, भरतनाट्यमचे आणि आता बॅले-कंटेम्पररीचेही क्लास आहेत. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत शनिवार-रविवारी मुलं-मुली घुंगरांची पिशवी घेऊन जाताना दिसतात. त्यांना कधी एखाद्या व्यावसायिक संस्थेच्या पडद्यामागे जायला मिळालं, तर ती हमखास रंगपटाकडे धावतात. आरशाभोवतीचे दिवे, पापण्या, मुकुट, जरी. त्यात गैर काही नाही, पण ते सगळं फोनवरही बघायला मिळतं. फोनवर सहसा न दिसणारं बरंचसं जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या दीड-दोन फुटांत असतं. म्हणून पडद्यामागे गेल्यावर मान खाली घालून बघावं.

आधी 'बॅले' या शब्दाबद्दल. आपल्याकडे क्लासमधल्या ताई 'यंदा बॅले बसवतोय' म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर राजहंसाच्या पांढऱ्या झग्यातली मुलगी नसते. कथा सांगणारं, मोठ्या समूहाचं, अनेक प्रवेशांचं नृत्यनाट्य, एवढाच त्यांचा अर्थ असतो. शब्दाचा हा वापर चुकीचा म्हणून हसण्यासारखा नाही. १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचणारे उदय शंकर पुढे भारतात आले, त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत जो संच उभा केला त्याचं नावच लिटल बॅले ट्रूप. त्यांच्या रामायणात नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलायचे. तेव्हापासून आपल्याकडे 'बॅले' म्हणजे समूहाने सांगितलेली गोष्ट. युरोपातला बॅले हे पायाचं वेगळंच व्याकरण. पण जमिनीशी गाठ दोघांचीही.

जमिनीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की वर काळं रबरासारखं अंथरलं की झाला नाचाचा फ्लोअर. ते रबर नसतं, विनाइल असतं आणि ते फक्त पकड देतं. उसळी देतं ते त्याच्या खालचं लाकूड. चांगल्या नृत्यमंचाखाली आडव्या-उभ्या पट्ट्या किंवा रबरी ठोकळे असतात, त्यामुळे वरची फळी वजनाखाली किंचित दबून परत वर येते. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायावर येतो. तो फळीने घेतला नाही, तर नडगीने घ्यावा लागतो. काँक्रीटवर थेट प्लाय ठोकलेल्या मंचावर आठ दिवस तालीम केली की मुली नडगी धरून बसतात आणि घरचे म्हणतात, सवय नाही म्हणून दुखतंय. सवयीने काँक्रीट मऊ होत नाही. मंचाची परीक्षा सोपी आहे: एकीने अनवाणी उभं राहायचं, दुसरीने तिच्यापासून तीन फुटांवर उडी मारायची. उभी असलेलीच्या तळव्याला फळी हललेली जाणवली, तर खाली जीव आहे. नुसता आवाज आला, तर त्या मंचावर उड्या कमी ठेवाव्यात.

विनाइल अंथरणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते बघायला मिळालं तर प्रयोग हुकला तरी चालेल. मंच साधारण ४० फूट रुंद आणि ३० फूट खोल धरला, तर दीड मीटर रुंदीच्या सहा पट्ट्या लागतात. बहुतेक वेळा त्या प्रेक्षकांना समांतर, म्हणजे विंगेतून विंगेत अंथरतात. गुंडाळी सोडली की लगेच चिकटवायचं नसतं, काही तास तशीच पसरून ठेवायची. गुंडाळून आलेला बाक निघायला वेळ लागतो. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी नाट्यगृह गारठलेलं असतं, तेव्हा विनाइल कडक आणि आखडलेलं. त्याच वेळी पट्ट्या एकमेकींना घट्ट भिडवून चिकटवल्या, की संध्याकाळी दिव्यांच्या उष्णतेने ते फुगतं आणि मधोमध पापडासारखा फोड उठतो. म्हणून दोन पट्ट्यांत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. वरून लावायची चिकटपट्टी ताणून लावायची नाही. ताणलेली पट्टी थोड्या वेळाने आखडते, तिची कड उचलली जाते आणि नेमका तिथेच कुणाचा तरी अंगठा अडकतो.

आपल्या नाट्यगृहांची गोष्ट जरा निराळी. शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या रंगमंचावर व्यावसायिक नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, गाण्याची मैफल आणि नृत्य हे सगळं एकाच फळीवर होतं. नृत्याला वेगळं घर नाही. नाटकाचं नेपथ्य उभं करायचं तर तिरप्या टेकूंना खिळे लागणारच, त्यात नेपथ्यवाल्यांचा दोष नाही. बूट घातलेल्या नटाला खिळ्याचा पत्ताही लागत नाही, कथकच्या अनवाणी टाचेला लागतो. मग येतो आपला समारंभ. दीपप्रज्वलनाची समई नेहमी मंचाच्या पुढच्या कोपऱ्यात, आणि पहिल्या नाचाचा पहिला प्रवेशही बहुधा त्याच बाजूने. वात सरसावताना तेलाचे दोन थेंब पडतात. नटराजाच्या पायाशी नारळ वाढवला की पाणी सांडतं. पाहुण्यांच्या गळ्यातल्या हारांतून झेंडूच्या पाकळ्या गळतात. झेंडूची चुरडलेली पाकळी फळीवर साबणासारखी वागते. पूजा करू नये असं कोण म्हणेल? समईखाली मोठं तबक ठेवावं, नारळ विंगेबाहेर वाढवावा आणि पाहुणे खाली उतरल्यावर निवेदकाला दोन मिनिटं जास्त बोलायला लावून कोरडं फडकं फिरवावं. निवेदकांना दोन मिनिटं जास्त मिळाल्याचं दुःख कधी होत नाही.

अळत्याचंही तसंच. पायाला लावलेला अळता पुरता वाळला नसेल, तर पहिली आवर्तनं होईपर्यंत तळवा चिकट असतो, मग घामाने तो निसरडा होतो. शिवाय विनाइलवर पडलेले लाल डाग निघता निघत नाहीत. भाड्याने आणलेलं विनाइल असेल, तर त्याचे पैसे भरावे लागतात.

बॅलेवाल्यांकडे निसरडेपणावरचा उपाय विंगेत एका उथळ खोक्यात ठेवलेला असतो. पिवळसर खडे दिसतात, ती राळ. पाइनच्या झाडाची. बुटाच्या टोकाखाली आणि टाचेखाली खडा चिरडून घेतात, पकड येते. पण राळ जास्त झाली की मंचावर तिचे चिकट ठिपके होतात. गिरकी घेताना पाय एका जागी सरकतो, एका जागी धरून ठेवतो, आणि गुडघा मात्र फिरून जातो. म्हणून अनेक ठिकाणी विनाइलवर राळ वापरू देत नाहीत. मग ओलं फडकं, नाहीतर दौऱ्यावरच्या मंडळींचा जुना उपाय: कोला पाण्यात मिसळून त्याने फरशी पुसायची. साखरेचा पातळ थर राहतो आणि तेवढ्याने पाय धरतो. ऐकायला विनोदी वाटतं, पण काम करतं.

आता बूट. टोकावर उभं राहायच्या बॅलेच्या बुटात लोखंड असतं, लाकूड असतं, अशा कथा मुलं सांगतात. परंपरेने बनवलेल्या बुटात यातलं काहीच नसतं. पुढचा कडक भाग म्हणजे कापडाचे आणि कागदाचे थर, एकावर एक खळीने चिकटवून वाळवलेले. आपण सुती साडीला घालतो त्या खळीचाच हा जाड भाऊ. तळव्याखाली कण्यासारखी एक पट्टी, चामड्याची किंवा पुठ्ठ्याची. बाहेर साटिन. बूट उलटा शिवून मग सुलटा करतात आणि त्यात उजवा-डावा नसतो, तो पाय घालून ठरतो. लंडनच्या फ्रीड या १९२९ पासूनच्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची खूण तळव्यावर उमटवलेली असते, एखादं अक्षर किंवा छोटंसं चित्र. नर्तकी आपल्या कारागिराला खुणेनेच ओळखते आणि वर्षानुवर्षं त्याच्याच हातचे बूट मागते.

नवा कोरा बूट आला की त्याची जी अवस्था करतात ती पाहून मुलांचा जीव कळवळतो. दारात चेपतात, पायरीवर आपटतात, हाताने वाकवतात. तळव्याची पट्टी टाचेकडे कापून टाकतात, कारण नर्तकीच्या पायाची कमान जिथे वाकते तिथे बूट वाकायला हवा, कारखान्यात ठरलेल्या जागी नव्हे. तळवा सुरीने खरवडतात. टोकाच्या साटिनवर दोऱ्याने रफू करतात किंवा साटिन कापूनच टाकतात, कारण साटिन घसरतं. रिबिनी मात्र बहुधा स्वतःच शिवायच्या. दात साफ करायचा मेणाचा दोरा त्यासाठी अनेकींच्या पेटीत असतो, तो घामाने तुटत नाही. शिवताना सुई बुटाच्या काठातल्या नाडीतून गेली की नाडी ओढली जात नाही आणि सगळं उसवावं लागतं. नवशिक्या हे एकदा तरी करतातच. रिबिनीची गाठ घोट्याच्या आतल्या खळग्यात बसवायची. टाचेमागच्या शिरेवर गाठ आली, तर तासाभरात तिथे सूज येते. टोकं आत खोचून वर टाका घालतात, म्हणजे प्रयोगात शेपूट बाहेर येत नाही.

एवढं करून बूट टिकतो किती? मोठी भूमिका असेल, तर एक प्रयोग. कधी तेवढाही नाही, अंकागणिक जोड बदलावा लागतो. पायाची ऊब आणि घाम यांनी खळ सुटते, पुढचा भाग मऊ पडतो. अशा बुटाला तिथे 'मेलेला' म्हणतात. मेलेल्या बुटावर टोकावर चढणं म्हणजे दिवाळीनंतरच्या मातीच्या किल्ल्यावर पाय देणं. नव्या साहित्याचे, न विरघळणारे बूटही १९९३ पासून मिळतात, पण जुन्या पद्धतीचं वेड अजून गेलेलं नाही.

इथे एक गोष्ट खडसावूनच सांगायला हवी. हे बूट आता घरबसल्या मागवता येतात आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली व्हिडिओ बघून त्यांत उभ्या राहतात. जाणत्या शाळांत साधारण ११-१२ वर्षांआधी आणि काही वर्षांच्या नियमित शिक्षणाआधी टोकावर चढू देत नाहीत. घोटा, पोट आणि पाठ सांभाळण्याइतकी ताकद नसेल, तर वाढीच्या वयातल्या हाडांवर भलत्या जागी भार येतो. मापाला बसला म्हणजे बूट झाला असं नसतं.

या बुटाचा आपल्याकडचा जोडीदार म्हणजे घुंगरांचा चाळ. एका पायात १०० घुंगरं, तयारीचे नर्तक १५०ही बांधतात, शिकाऊ मुलांना ५० पुरेत. सुती दोरीत प्रत्येक घुंगरानंतर गाठ हवी. गाठ नसलेला चाळ एका जागी तुटला की सगळाच सांडतो. गाठीचा असेल, तर एखाद-दुसरंच घुंगरू निसटतं. तेही कमी नाही, कारण अनवाणी टाचेखाली आलेलं घुंगरू चक्कर मोडतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी चाळ सतरंजीवर सरळ पसरायचा आणि एकेक घुंगरू बोटाने हलवायचं. ज्याची फट उचकटून आतली गोळी पडून गेली असेल ते मुकं असतं, ते काढायचं. बांधताना घोट्याच्या हाडाच्या वरून सुरुवात, वेढ्यावर वेढा वर चढत न्यायचा, आणि शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला. आत आली, तर दुसऱ्या पायाच्या घुंगरांत अडकते.

दोन्ही परंपरांतला खरा वाद आवाजाचा आहे. बॅलेतल्या नर्तकीचा बूट मंचावर टकटक वाजला, तर तो दोष. म्हणून तर तो आपटून आपटून मऊ करतात. कथकमध्ये पायाचा आवाज लपवायचा तर नाचायचं कशाला? बॅलेचं विनाइल त्यामुळे ततकाराचं, म्हणजे पायांनी वाजवलेल्या बोलांचं, निम्मं तेज खाऊन टाकतं. टाच वाजते, पण लाकडाचा घुमारा येत नाही. घामेजलेला अनवाणी तळवा विनाइलवर चिकटतो आणि टाचेवर वेगाने फिरताना कातडी भाजल्यासारखी निघते. एकाच संध्याकाळी दोन्ही प्रकार असतील, तर कथक आधी लाकडावर, मध्यंतरात विनाइल अंथरायचं असा क्रम कागदावर सोपा दिसतो, पण विनाइलचे ते काही तास आठवा. त्यापेक्षा विनाइल आधीच अंथरून कथकपुरता लाकडी पाट्यांचा चौथरा आणावा, आणि जमिनीलगत एक माइक.

गिरकीच्या बाबतीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी. बॅलेतली पंजावर किंवा टोकावर फिरते, कथकवाली डाव्या टाचेवर, पण दोघींची मान शेवटपर्यंत एका बिंदूवर खिळून राहते आणि मग झटक्यात फिरून परत तिथेच येते. आता विचार करा, प्रेक्षागृह काळंकुट्ट आहे, समोरून दिवे डोळ्यांत घुसताहेत. बिंदू कुठला? बऱ्याच बॅले नाट्यगृहांत प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर बरोबर मधोमध एक छोटा लाल दिवा लावलेला असतो, फक्त यासाठी. आपल्याकडे तो नसतो, म्हणून मुली 'बाहेर' लिहिलेल्या पेटत्या पाटीवर नजर लावतात. पाटी असते एका बाजूला. मग पंधरा-वीस चक्करांत अख्खी रांग हळूहळू दाराकडे सरकते आणि घरी जाताना मुलीला ऐकवलं जातं की तोल सुधार. ध्वनियोजनेच्या टेबलावर, मध्यावर, एक लाल बल्ब लावायला किती खर्च येतो?

विंगेत उभं राहायला मिळालं, तर दिव्यांचे खांब दिसतील. नाटकात उजेड मुख्यतः समोरून, कारण चेहरा दिसायला हवा. नाचात तो बाजूने येतो, म्हणजे हातापायांची गोलाई उठते. खांबावर एकाखाली एक दिवे, सगळ्यांत खालचा नडगीच्या उंचीवर. तो असा कलता लावतात की उजेड पायावर पडतो, जमिनीवर नाही. नर्तक तरंगल्यासारखा दिसतो त्याचं गुपित हे. त्याच दिव्याने त्याला विंगेत शिरताना काही दिसत नाही. तापलेली लोखंडी पेटी, खाली केबल, आणि समोरून उडी मारत येणारा माणूस. त्यामुळे खांबाच्या पायाशी पांढरी पट्टी लावतात आणि येण्याजाण्याची बाजू ठरलेली असते. पाहुण्या मुलांसाठी नियम दोनच: विंगेचा पडदा धरायचा नाही, तो हलला की शेवटच्या रांगेलाही दिसतं. आणि तुम्हाला प्रेक्षक दिसत असेल, तर तुम्हीही त्याला दिसताय.

मंचाच्या पुढच्या कडेला मध्यापासून दोन्हीकडे खुणा असतात. मध्य, पाव, कधी आकडेसुद्धा. समूहातल्या प्रत्येकीला आपला आकडा पाठ असतो, शेजारणीकडे बघून अंतर धरणं तिथे चालत नाही. आपल्या क्लासचे आकृतिबंध मंचावर विस्कटतात त्याचं मुख्य कारण २० फुटांच्या खोलीत बसवलेला नाच ४० फुटांवर पसरतो हे. शाळेच्या पटांगणावर फक्की मारून मंचाच्या मापाचा चौकोन आखावा, विंगाही आखाव्यात, आणि शेवटचे दोन आठवडे तिथेच तालीम करावी. धुळीचा त्रास होतो. पण कोणत्या मात्रेला निघाल्यावर कोणत्या मात्रेला पोहोचता हे तिथेच कळतं.

वेळेची शिस्त हा एक स्वतंत्र धडा आहे, थोडक्यात सांगतो. आपली तिसरी घंटा सगळ्यांना ठाऊक. इंग्लंडातल्या नाट्यगृहांत पडदा उघडायच्या ३५ मिनिटं आधी 'अर्धा तास' पुकारतात, २० मिनिटं आधी 'पाव तास', १० मिनिटं आधी 'पाच मिनिटं' आणि ५ मिनिटं उरली की पहिल्या प्रवेशातल्यांनी जागा घ्यायच्या. प्रत्येक हाळीत पाच मिनिटं लपवलेली असतात. हे बघून नाशिककरांना स्वतःच्या लग्नपत्रिकांवरच्या मुहूर्ताची आठवण झाली, तर दोष नाही, फक्त हिशेब उलटा आहे.

कपडेपटात ताटासारखे पसरट झगे उलटे टांगलेले दिसतील. सरळ टांगले की जाळीचे थर खाली लोंबतात. पाठीवर हुकांच्या दोन-तीन रांगा, कारण एकच झगा वेगवेगळ्या अंगांना घालायचा असतो. रोज धुता येत नाही, म्हणून वासावर व्होडका फवारतात. पालकांनी घाबरू नये, ती उडून जाते.

हे सगळं बघायला परदेशी जायची गरज नाही, आणि मुंबईला जायचीही दर वेळी नाही. रात्रीचा प्रयोग बघितला तर संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस चुकते, हा प्रश्न तर आहेच. २०१४ पासून जागतिक बॅले दिन नावाचा उपक्रम चालतो. त्या दिवशी मोठमोठ्या संस्था आपला सकाळचा वर्ग थेट दाखवतात. वीस वर्षं नाचलेली माणसंही दांड्याला धरून त्याच प्लिएपासून, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून, सुरुवात करतात, मग तांद्यू, म्हणजे जमिनीलगत पाय ताणणं, मग पाऊल जमिनीवरून अर्धवर्तुळात फिरवायचं, मग हळूहळू वर. उड्या शेवटी. आपल्याकडे ठाय, म्हणजे संथ, लयीतल्या ततकाराने दिवस सुरू होतो, तसंच. बघताना आवाज बंद करावा आणि फक्त पावलं बघावीत.

क्लासच्या जागेबद्दल एक कामाची गोष्ट. शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनी १६ बाय १२ फुटांची जागा तरी सावरून घ्यावी. ८ बाय ४ चे १२ मिलिमीटरचे प्लाय, दोन थर, म्हणजे १२ पत्रे. खाली फूटभर अंतराने दोन इंची दाट फोमचे ठोकळे, दोनशेच्या आसपास. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत, आले की तिथे फळी कुरकुरते आणि कड उचलते. स्क्रूची डोकी आत बुडवायची. भिंतीपासून सगळीकडे सेंटिमीटरभर जागा सोडायची, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि जागा मिळाली नाही, तर मधून उठतो.

प्रयोग संपला की फुलं, फोटो, पालकांची गर्दी. थांबता आलं तर थांबावं. चिकटपट्ट्या कडेपासून, जमिनीलगत ओढत, एका लयीत काढतात. वर उचलून ओढल्या की लाकडाचं पॉलिश सोबत येतं. विनाइल पुसून, कागदी नळीवर गुंडाळून आडवं ठेवतात. उभं ठेवलं तर तळाची कड मुडपते आणि पुढच्या गावी ती सपाट होत नाही. सापडलेली घुंगरं, पिना आणि एखादं कर्णफूल प्रकाशयोजनेच्या टेबलावरच्या वाटीत जातं. फळी परत उघडी पडते. सकाळी नऊच्या सुमाराला नाटकाचा टेम्पो मागच्या दाराला लागतो, पहिला टेकू उभा राहतो आणि सुतार तोंडातला खिळा काढून हातोडी उचलतो.